व्हिसाच्या फॉर्मवरची आई

मिथुन,

शेजारच्या मनालीचं बारसं झालं त्या वर्षी मी अक्षरं शिकले, म्हणून हे लिहितेय. तू फोन घरीच विसरलास. तो वाजला, मी उचलला. व्हिसाचं काम बघणारी तुझ्या ऑफिसातली बाई बोलत होती. मी म्हटलं, मिथुनची आई. ती म्हणाली, "अहो, त्या हयात नाहीत असं त्यांनी फॉर्मवर लिहिलंय. मागे कोणी नाही, म्हणून तर तीन वर्षांसाठी त्यांना पाठवतोय. आईच्या मृत्यूचा दाखला द्यायला सांगा त्यांना." मी शेजारीण आहे सांगून फोन ठेवला.

मला विचारलं असतंस तर जा म्हटलं असतं. मी दहिसरला माणिकमावशीकडे जाते. कुकरमध्ये भात आहे. कपाटात तसला दाखला एकच आहे. तो तुझ्या वडिलांचा: भाऊराव वारले, नऊ मार्च २०१९.