यलो अलर्टखालची सही

१९ जून, सकाळचे ११.४०

चि. गोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक, तुम्हीही असाल. पद्धत म्हणून एवढं लिहिलं. आता पुढची ओळ उभ्याउभ्याच वाच: भुयारी नाल्यात उतरलेल्या बाराही जणांना एकच्या आत वर काढ.

आता चिडून कागद चुरगाळू नकोस. आमच्या वेधशाळेच्या गाडीचं चाक पंक्चर आहे, ड्रायव्हर खाली ते बदलतोय, तेवढ्या वेळात लिहिते आहे. तुला चार फोन केले. पाचवा साइटवरच्या वॉचमनने उचलला. म्हणाला, "साहेब खाली आहेत. आणि बाई, तुमचा फोन आला तर ठेवून द्यायचा, असं साहेबांनीच सांगितलंय." दोन वर्षांनी ऐकलेला तुझा हा निरोप! मी पावसाचं सांगितलं तर हसला. "इथे लख्ख ऊन आहे हो."

ऊनच असणार. तुझ्या डोक्यावर थेंबही पडणार नाही, म्हणून तर मला धास्ती वाटते. पाऊस मागच्या डोंगरावर पडेल. रडारवर तिथे दोन ढग एक झालेत आणि जागचे हलत नाहीयेत. सव्वाबाराच्या सुमारास ते फुटतील, आणि डोंगराचं सगळं पाणी तुझ्या नाल्यात यायला तासभर लागेल. सव्वा वाजता. चेंबरच्या शिडीवरून एका वेळी एकच माणूस चढतो, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस.

"झालं हिचं सुरू," असं म्हणशील. म्हण. तुझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी मी छातीठोकपणे सांगितलं होतं, नक्की कोसळणार. मैदानातला मांडव तू आदल्या दिवशी उतरवलास, चारशे माणसं एका गोदामात कोंबलीस, आणि दिवसभर कडकडीत ऊन. व्याह्यांनी तुझं हसं केलं. तेव्हा तुला सांगितलं नाही ते आज सांगते. त्या दिवशीचा माझा पावसाचा आकडा शंभरात पंधरा होता. दुसऱ्या कुणाला मी "खुशाल मैदानात करा" म्हटलं असतं. आपली पोर आहे म्हणून घाबरले, आणि माझी भीती तुला अंदाज म्हणून दिली.

तेव्हापासून ऑफिसात मला छत्रीबाई म्हणतात. मीही हसते. हसून हसून गाल दुखतात.

पालिकेच्या नियंत्रण कक्षालाही फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "तुमच्याच हवामान पत्रकात यलो आहे ना? मग यलोला काम चालू असतं." बरोबर आहे त्याचं. ऑरेंज असता तर तू सकाळी एकालाही खाली सोडलं नसतंस. माझ्यावर कितीही रागावलास तरी साइटचे नियम तू मोडत नाहीस. सकाळी फलकावर यलो पाहिलास आणि माणसं उतरवलीस.

गोट्या, त्या यलोखाली सही माझी आहे.

सात वाजता आकडा चाळीस होता. तीसच्या वर गेला की ऑरेंज, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. मी पंचवीस लिहिला. टेबलाशी चहाचे कप घेऊन दोघं उभे होते, एक म्हणाला, "छत्रीबाई, आज कुणाचं लग्न?" बस, एवढंच झालं. पुन्हा हसं नको म्हणून पंधरा खोडले. एकदा भीतीने वाढवले, एकदा लाजेने कमी केले. आभाळाने दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं.

आत्ताचा आकडा सत्तर आहे. एकही वाढवलेला नाही, एकही कमी केलेला नाही. म्हणजे शंभरात तीस वेळा पाणी येणार नाही, तुझा दिवस फुकट जाईल आणि मजूर तुझ्या तोंडावर हसतील. तसं झालं तर खुशाल माझं नाव सांग. पण वर ये. तू सगळ्यांत शेवटी चढणार, हे मला माहीत आहे.

पत्रक बदलायला आमच्या साहेबांची सही लागते, आणि ते एकपर्यंत बैठकीत आहेत. हे लिहिता लिहिता ठरवलं, थांबायचं नाही. त्यांच्या सहीवाचून ऑरेंज आत्ताच पाठवते. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण वॉचमनने तुझा फलक बदललाच नाही तर? म्हणून हा कागदही येतोय. ड्रायव्हरला सांगितलंय, तुझ्या हातातच द्यायचा, खाली उतरावं लागलं तरी.

चाक बसलं. तो हॉर्न वाजवतोय.

आणि हो, तू हे वाचशील तेव्हा ड्रायव्हरही नाल्यात असेल. तेरा जणांना वर काढ, मग तू.

आजही आपलं हसंच व्हावं म्हणून देवाला हात जोडणारी,

तुझी ताई