वगळलेली एक

१६ जून, सोमवार. धुळे

सहाशे बारा! संस्थेच्या सगळ्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं, स्कॅन केलेली, एका रजिस्टरची एक फाइल. आज ती नव्या सर्व्हरवर बसली आणि संध्याकाळी पहिला बॅकअप मी घेतला. वीतभर डब्यात किती वर्षांची पोरं! प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, का सोडली.

बोदवडला थोरल्या बहिणीला, सपनाअक्काला, फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे तू नेमकं करते काय?" सांगता येईना. "राखण करते," म्हटलं. ते तिला पटलं. घरात पहिली पदवी माझी, म्हणून माझ्या नोकरीचं तिलाच जास्त कौतुक.

शेवटी पडद्यावर आलं — घेतल्या ६११, वगळली १. एकच तर आहे!

२३ जून

वगळली १. रोज तीच. सात नंबर, दोंडाईच्याकडच्या शाळेचं रजिस्टर. कारणही तेच : फाइल वापरात आहे.

वापरतंय कोण? शोधलं तर गेटवरचा जुना कॉम्प्युटर! तिथे यादव नाना बसतात, आमचे राखणदार. पडद्यावर सात नंबर उघडं. माझ्या आधी या कामावर असलेल्या मेघाने त्याच सोमवारी, चार्ज देऊन जाताना, उघडून दिलं होतं म्हणे.

"नाना, बंद करत जा ना. बॅकअप होत नाही तिचा."

"हाव ताई, करसु."

मग पेपर पुढे केला. "वाच ना जरा. चष्मा घर राही गया." रोज यांचा चष्मा घरी कसा राहतो!

३० जून

वगळली १. उद्या नक्की बघते.

७ जुलै, सोमवार

सर्व्हरची डिस्क गेली. सकाळी आले तर नुसती टकटक.

८ जुलै

नवी डिस्क बसवली. बॅकअपवरून फाइली परत यायला लागल्या. एक, दहा, शंभर — मी नुसती बघत राहिले. काल नव्हती ती माणसं आज रांगेने आत येत होती!

६११ वर थांबली.

सात नंबर जुन्या डिस्कवरून काढून पाहिलं. फाइल खराब, उघडत नाही. कागदाचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, ते स्कॅन झाल्यावर मोडीत काढलं.

आणि नेमके दुपारी चांदभाई आले, सायकल दुरुस्तीवाले. मुलगी मिसबाह बारावी झाली. जात पडताळणीला आजोबांच्या शाळेचा उतारा हवा. आजोबा सात नंबरमध्ये! मुदत गुरुवारची.

"कागद वाळवीने खाल्ला म्हणता. मग मशीनला पण वाळवी लागते का, बेटा?"

आमच्या ऑफिसप्रमुख दिपमाला मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "चूक माझी आहे." चूक माझीच आहे. 'एकच तर आहे' असं मीच लिहिलंय वर.

९ जुलै

आज नानांवर चिडायलाच गेटवर गेले होते. पडदा काळा होता. नानांनी माउस हलवला.

सात नंबर उघडं!

सर्व्हरवरची मेली, पण या खटाऱ्याने आपल्या मेमरीत ती धरून ठेवलेली. दुसरीकडे कुठेच नाही. तीन आठवडे नाना मशीन बंदच करत नव्हते! "नाना, हात लावू नका!" मी ओरडले. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर पीं करून चालू झाला. पडदा हलला नाही.

पेनड्राइव्ह लावला. दुसऱ्या नावाने साठवा. हिरवी पट्टी सरकेना… सरकली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. दोनशे बारा पानं, सगळी.

बॅकअप जिच्यामुळे होत नव्हता, तीच उघडी खिडकी कामी आली! हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

१० जुलै

चांदभाईंना उतारा दिला. त्यांनी वडिलांच्या नावावरून हात फिरवला. मिसबाह म्हणाली, "अब्बू, शाई पुसाल!" छापील कागद तो.

११ जुलै

नानांना विचारलं, बंद का केली नाहीत?

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग — "बंद करं ते माले परत सापडाव नही. माले वाचता येस नही, ताई."

म्हणजे चष्मा…!

पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मेघाने दाखवलेली तेवढी जागा ओळखीची. "मन्ही बहीण. लिलाबाई. मरी गयी. फोटो बी नही. पुढे काय लिखेल शे?"

वाचलं. इयत्ता तिसरी. प्रगती : उत्तम. पुढची ओळ मी आधी मनात वाचली. पण ते त्यांचं होतं, लपवायचा मला काय हक्क? शाळा सोडल्याचे कारण : लहान भावास सांभाळणे.

नाना म्हणाले, "तो भाऊ म्हंजे मी."

१४ ऑगस्ट

वगळली ०.

महिनाभर पेपरवर अक्षरं गिरवून झाल्यावर काल नानांनी फाइल स्वतः बंद केली. आज स्वतः उघडली. पाऊण तास पानं उलटत होते. मग हाक आली, "ताई! लि. ला. बा. ई." पान कुठलं, ओळ कुठली, मी काहीच सांगितलं नव्हतं.

१५ ऑगस्ट. बोदवड

अक्काला विचारलं, सातवीत शाळा का सोडलीस गं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तू रांगत होतीस ना."