आपल्या गावचे पोलीस

आप्पा, टिळकवाडीत मला अजून तुमची मुलगी म्हणूनच ओळखतात, आणि त्याच ओळखीवर परवा मी एका सभेत बोलले. तिथं जे बोलले नाही, ते तुम्हाला सांगायचं आहे.

मी अकरावीत होते तेव्हाचा तो दिवस आठवतो. सीमाप्रश्नाच्या मिरवणुकीवर काठी चालवून उचललेल्या पोरांसाठी तुम्ही नगरसेवक असूनही सकाळपासून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होता. मी डबा घेऊन आले होते. आतला अधिकारी म्हणत होता, बेंगळुरूहून निरोप आल्याशिवाय सोडता येणार नाही. मी चिडून म्हणाले, "हे कानडी पोलीस असलेच." तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "भाषेला नावं ठेवायची न्हाईत. उद्या मराठी साहेब आला तरी मी हेच विचारणार. गावात काठी चालवली, तर गावाच्या सभागृहात येऊन सगळ्यांसमोर सांगा, का चालवली." तुमची मागणी एवढीच होती. पोलीस राज्याचे आहेत, महापालिकेला उत्तर द्यायला बांधील नाहीत, असं तुम्हाला दर वेळी कळवलं जाई.

गेल्या महिन्यात आपल्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बेळगुंदीच्या बाईला आताच्या नगरसेवकाच्या भावानं मारलं. त्याच्या गाडीच्या आड तिची पाटी येत होती. ओठ फुटला होता. मी तिला ठाण्यात घेऊन गेले. तिथले इन्स्पेक्टर इथलेच, मराठी बोलणारे. त्यांनी आम्हाला चहा मागवला आणि आधी नगरसेवकाला फोन लावला. मग मला म्हणाले, "आक्का, आपलीच माणसं हाईत. मिटवून टाका की." पुढं त्यांची बदली झाली. नवे साहेब रायचूरकडचे, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. आम्ही परत ठाण्यात गेलो. ती सांगत होती, मी कन्नडमध्ये समजावत होते, ते लिहून घेत होते. त्यांनी कुणालाही फोन केला नाही. संध्याकाळी भावाला ठाण्यात हजर केलं.

परवाची सभा त्याच नगरसेवकानं बोलावली होती. ठराव असा, की ठाण्याचा इन्स्पेक्टर नेमताना आणि बदलताना महापालिकेची संमती घ्यावी. समोर टेबलावर तुमचा फोटो, हार घातलेला. ही तुमची मागणी नव्हे, हे मला स्वच्छ दिसत होतं. तुम्हाला पोलिसांना उघड प्रश्न विचारायचे होते. यांना आपल्या फोनवर चालणारा इन्स्पेक्टर हवा होता. एवढं वाक्य मी घरून ठरवून गेले होते. पण नगरसेवक म्हणाला, "आप्पांची लेक आलीया, आता बेंगळुरूवाल्यांनी कान देऊन ऐकावं!" लोक हसले, टाळ्या पडल्या. मी ठाण्याच्या बाकाबद्दल बोलले, डब्याबद्दल बोलले. तुमच्या वेळचे एकदोघे डोळे पुसत होते. मग ठरावासाठी सगळ्यांत आधी मीच हात वर केला.

ती भाजीवाली दाराशी उभी होती. बाहेर पडताना म्हणाली, "ताई, लई चांगलं बोललासा. म्हंजे आता त्यो नवा साहेब जाणार व्हय?"

"न्हाय गं, तसं काही न्हाय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पदर सारखा करत निघून गेली.

तुमचं चुकत होतं, असं मला आजही वाटत नाही. बाहेरून आलेला साहेब दर वेळी असाच निघेल, असंही नाही. त्या दिवशी काठी चालवणारेही बाहेरचेच होते. पण गाव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तुम्हीच यायचात. नगरसेवकाचा तो भाऊही गावच आहे, आणि टाळ्या ऐकून ठरवलेलं वाक्य गिळणारी मीही. तुम्ही समोर असता, तर हे मी तुम्हाला सांगितलं नसतं. पुढच्या सभेत उठून सांगेन, असंही लिहिवत नाही.

परवापासून मी भाजी दुसऱ्या कोपऱ्यावरून घेते.