छिद्र एक, गोळी कोणाची

फार्म वितक्रांस, रेहोबोथजवळ
ता. १९ जून

आदरणीय थोरले बंधू स्टेफानस यांच्या सेवेशी,

धाकट्या कूसचा प्रभूच्या नावाने नम्र सलाम. आपले गुडघे आणि सान्नावहिनींचा दमा यांविषयी सविस्तर कळवावे. वॉल्विस बेचे धुके हाडांत शिरते हे मी आपणांस तेथे राहावयास जाण्यापूर्वीच सांगितले होते, परंतु आपण थोरले, त्यामुळे तो विषय येथेच सोडतो. मी स्वतः उत्तम आहे. (माझी लेक लेना आपणांस दूरध्वनीवर काही निराळे सांगेल. ती आपल्या नवऱ्याची बायको आहे हे ध्यानात ठेवून ऐकावे.) मेंढ्या बऱ्या आहेत. थंडी एवढी आहे की पहाटे कुंडातल्या पाण्यावर पापुद्रा धरतो.

हे पत्र मी मुद्दाम टपालाने पाठवीत आहे. दूरध्वनी घरात एकच आहे आणि तो स्वयंपाकघरात आहे.

विषय असा. पुढील महिन्यात आपली नात, लेनाची आना, हिचे मंडळीत दृढीकरण आहे, म्हणजे ती चर्चची पूर्ण सभासद होईल. मेजवानीसाठी मांस आणणे हे या घरात पंचावन्न वर्षे माझे काम आहे, आणि मारणाऱ्याने कलेजी खावी व टेबलाच्या शिरोभागी बसून प्रार्थना म्हणावी हा बाबांपासूनचा रिवाज आहे, तो आपण जाणताच. गेल्या शुक्रवारी गेम्सबॉक हरीण पडले. मोठा, जून नर, शिंगे माझ्या छातीला लागतील एवढी. कातड्याला छिद्र एकच आहे. बंदुका मात्र दोन होत्या, एक माझी आणि एक जावई वेन्सेल याची. दोन्ही नऊ-तीन मिलिमीटर नळीच्या, त्यामुळे छिद्रावरून काही कळत नाही. आता ती कलेजी वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीझरमध्ये पडली आहे, आणि तिला मीही हात लावीत नाही, तोही लावीत नाही.

रागाच्या भरात मी चारचौघांत बोलून गेलो की त्या जनावरातील गोळी माझी नसेल, तर बाबांची बंदूक मी वेन्सेलच्या हवाली करीन आणि पुन्हा रानात पाऊल टाकणार नाही. बोललो ते बोललो. म्हणून आपण निवाडा करावा. आपण चाळीस वर्षे साऱ्या पंचक्रोशीची काडतुसे भरलीत. आपल्या शब्दापुढे येथे कोणी तोंड उघडणार नाही.

आता गोळ्यांविषयी. मी साडेअठरा ग्रॅमची गोळी वापरतो. बाबा वापरीत, आपण वापरीत होता, आणि त्या बंदुकीची नेमाची माशी तिच्यासाठीच घासून बसविलेली आहे. जड गोळी सावकाश जाते, काटेरी झुडपाची फांदी आडवी आली तरी वाट सोडीत नाही, आणि मांस नासवीत नाही; छिद्राच्या कडेपर्यंतचा तुकडा माणूस निर्धास्त खाऊ शकतो. वेन्सेलने मात्र दोन वर्षांपूर्वी विंडहुकहून पंधरा ग्रॅमच्या हलक्या गोळ्या आणल्या. का, तर त्या वेगाने जातात, सरळ जातात, आणि खांद्याला धक्का कमी देतात. (ज्याला खांद्याची एवढी काळजी आहे त्याने मासेमारी करावी.) मी त्यास समजावून सांगितले, तर म्हणतो कसा, "बाबा, हरीण मारायचंय, भिंत नाही पाडायची." मी म्हणालो, "भिंत निदान जखमी होऊन शेजाऱ्याच्या कुंपणात जात नाही." त्यावर तो हसला. हसण्याजोगे मी काहीही बोललो नव्हतो. तो बारावी शिकला आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, परंतु त्या चारही इयत्ता पूर्ण शिकलो.

माझा संशय आजचा नव्हे. नाताळात त्याने मला चष्मा भेट दिला, मी मागितला नसताना. फेब्रुवारीत माझ्या बंदुकीचा परवाना "नक्कल काढून ठेवतो" म्हणून नेला आणि दोन दिवसांनी परत केला. नक्कल काढावयास दोन दिवस लागत नाहीत. ईस्टरला लेनाने मोठ्या अक्षरांचे बायबल माझ्या उशाशी आणून ठेवले आणि लहान अक्षरांचे कोठे ठेवले ते तिला आठवत नाही. हल्ली रानात चालताना वेन्सेल माझ्या पुढे न जाता मागे चालतो आणि दगडाळ जागा आली की म्हणतो, "द्या बाबा, बंदूक मी घेतो थोडा वेळ." थोडा वेळ म्हणून घेतलेली वस्तू परत आल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

तर शुक्रवारी. आम्ही नदीच्या कोरड्या पात्राकडे गेलो. बरोबर आपला विलेम गोसेब होता; माग त्यानेच काढला. गेम्सबॉक सव्वाशे पावलांवर आडवा उभा होता. ठरले असे होते की पहिला बार माझा, वेन्सेल राखीव. मी वाळवीच्या वारुळावर बंदूक टेकली, श्वास सोडला, चाप ओढला. बार झाला आणि जनावर तीस पावले धावून कोसळले. मी उठून टोपी काढली. तोवर वेन्सेल आपले रिकामे काडतूस वाळूतून उचलीत होता.

मी त्यास विचारले की हे काय. तो म्हणाला, "तुम्ही नेम धरून बसला होतात, बाबा. मी थांबलो, बराच थांबलो. मग तो वळायला लागला, म्हणून मीच टाकला." मी शांतपणे सांगितले की बार माझा होता, त्याचा त्याच क्षणी झाला असेल, आणि त्याची गोळी दक्षिणेच्या वाऱ्याने अंगोलाकडे गेली असेल. विलेमला साक्षीस उभे केले. तो म्हणतो, "कूस काका, मला तर एकच बार ऐकू आला." मी म्हणालो, "मग दुसरा झाला तेव्हा तू कुठे होतास?" "इथंच," म्हणाला, "तुमच्या दोघांच्या मधे." विलेमला वेन्सेलने एप्रिलमध्ये नवे बूट घेऊन दिले आहेत, हे मी केवळ नोंदवून ठेवतो.

माझे रिकामे काडतूस कोठे आहे, असे वेन्सेलने विचारले. ते नळीत आहे. बार टाकल्यावर बोल्ट मागे ओढून दुसरे काडतूस भरण्याची सवय मला नाही, कारण दुसऱ्याची गरज पडत नाही. शिवाय तो पुरावा आहे. म्हणून घरी येताच मी बंदूक जशीच्या तशी लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. माझा खांदा त्या धक्क्याने दोन दिवस ठणकत होता. लेनाने स्वतः मलम चोळले आहे. हाही पुरावाच.

कातडे काढताना गोळी पलीकडच्या खांद्याच्या चामडीखाली सापडली, अळंबीसारखी फुललेली, बूड दगडावर आपटल्यागत चेपलेले. ती कोणत्या जातीची हे डोळ्यांना कळत नाही. (माझ्या तर नाहीच, वेन्सेलच्याही नाही.) म्हणून वजन करावयाचे ठरले. वेन्सेलच्या विजेच्या काट्यावर ती चौदा ग्रॅम दोन दशांश भरली. तो काटा त्याचा असल्याने मी मानला नाही. लेनाला घेऊन गावातील औषधविक्याकडे गेलो. तेथेही चौदा ग्रॅम दोन दशांश. परत येताना लेनाकडून कळले की त्या औषधविक्याची आई वेन्सेलची मावशी लागते. आता बोला.

परंतु त्या वजनावर मी शांत डोक्याने विचार केला आहे. वेन्सेल म्हणतो, त्याची पंधरा ग्रॅमची गोळी हाड फोडताना आठ दशांश झिजली. मी म्हणतो, माझी साडेअठरा ग्रॅमची चार ग्रॅम तीन दशांश झिजली. दोघांची वजाबाकी बरोबर येते. फरक एवढाच की जून गेम्सबॉकचा खांदा फोडून अख्ख्या ग्रॅमचाही तोटा न सोसणारी गोळी मी या आयुष्यात पाहिलेली नाही, आणि आपणही पाहिली नसावी. हे त्या पोराला सांगितले तर तो एक माहितीपत्रक काढून दाखवितो. त्यावर चित्र आहे. चित्रातल्या गोळीने कोणाचा खांदा फोडला आहे?

सोबत ती गोळी चिठ्ठीत गुंडाळून पाठवीत आहे. आपण ती हातावर तोलून पाहावी (आपला हात कोणाच्या मावशीचा नाही) आणि निवाडा कळवावा. सान्नावहिनींस सलाम. मुलाबाळांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक धाकटा बंधू,
याकोबस (कूस) फेरिस

ता. क. निवाडा लेनाच्या नावे पाठवावा, म्हणजे ती तो रविवारी जेवणाच्या वेळी सर्वांसमक्ष वाचील. 'जड गोळी' हे शब्द कृपया ठळक लिहावेत.

ता. क. दुसरे. पाकीट चिकटविण्यापूर्वी मनात आले की रिकामे काडतूसही सोबत जोडावे, म्हणजे पुरावा पूर्ण होईल. कपाट उघडले. सुरक्षेचा खटका उजवीकडे पडलेला होता. तो मी वर उचलला आणि बोल्ट मागे ओढला. बाहेर आलेले काडतूस रिकामे नव्हते. त्याच्या बुडावरच्या टोपीवर, जेथे चाप ओढल्यावर ठोका पडतो, साधा ओरखडाही नाही. गोळी जागच्या जागी आहे, साडेअठरा ग्रॅम, एक कण कमी नाही. ती तोलण्याची आवश्यकता मला भासली नाही.

मी खटका काढलाच नव्हता, दादा. बंद खटक्यावर चाप ओढला, त्याचा बार ऐकला आणि टोपी काढली. खांदा कशाने ठणकत होता ते मला सांगता येत नाही. भरलेली बंदूक मी पाच रात्री या घरात ठेवली, जेथे लेना झोपते आणि आना झोपते. वेन्सेलला पहिल्यांदा बंदूक हाती दिली तेव्हा याच एका गोष्टीसाठी मी त्याला सहा महिने गोळी दिली नव्हती.

कोणी पाहिलेले नाही. काडतूस माझ्या खिशात आहे.

ता. क. तिसरे. दोन तास बाहेर ओट्यावर बसून हे लिहीत आहे. वर मागितलेला निवाडा पाठवू नये. ती गोळी वेन्सेलची आहे, आणि हलकी असूनही तिने तीस पावलांत जनावर पाडले, हे मी आपल्याशी कबूल करतो, दुसऱ्या कोणाशी नाही. कलेजी आज संध्याकाळी मी लेनाला भाजावयास सांगेन आणि वेन्सेलच्या ताटात वाढावयास सांगेन. कारण विचारले तर ती जास्त दिवस ठेवली की खराब होते असे म्हणेन.

राहिली बंदूक. ती मी आपण होऊन त्याच्या हाती देऊ शकत नाही. माझे हात त्या कामास तयार होत नाहीत, मी आताच करून पाहिले. परंतु थोरल्या भावाची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही. तेव्हा आपण मला पत्र लिहून आज्ञा करावी की आनाच्या दृढीकरणापूर्वी बाबांची बंदूक वेन्सेलकडे द्यावी. कारण काहीही लिहावे. माझे डोळे मात्र लिहू नयेत. आणि शब्द कडक असावेत. सौम्य लिहिलेत तर मी ऐकणार नाही.