पहिला नग

मंगळवार, संध्याकाळ. पडेगाव.

पुण्याहून ऑर्डर देणाऱ्या कंपनीचा फोन आला. छोट्या अणुभट्टीच्या व्हॉल्व्हचं काम थांबवा, तिची वीज सौर विजेपेक्षा लई महाग पडतेय. एकसारख्या पुष्कळ भट्ट्या बनल्या तरच ती स्वस्त होणार. पण पहिलीच महाग, म्हणून दुसरी कुणी मागवीना. मग स्वस्त होणार कशी?

आमच्या वर्कशॉपमध्ये पहिला नग विकत नाहीत. हळदकुंकू लावून गणपतीपाशी ठेवतात. या व्हॉल्व्हचाही तिथंच आहे. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, या वयात स्वतः लेथवर काढलेला. कुंकू अजून ताजं आहे.

घरी आलो तर अण्णा दारातच.

"दुसरा नग कधी घ्यायचा रं मशीनवर?"

"उद्या," म्हणालो. का म्हणालो?

"मग मला लवकर उठव," म्हणाले, आणि जेवून लगेच झोपलेसुद्धा.