चिकटवलेला शेवट

ता. ४ जून

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्या भागातून निघालेलं सगळं टपाल तपासणीला तुझ्याच टेबलावर येतं, तेव्हा बिनधास्त लिही म्हणतोस, म्हणून लिहिते. लहानपणी माझी पत्रं चोरून वाचायचास, आता त्याचाच पगार मिळतो. भाग्यवान आहेस बाबा!

शाळेत नवा हुकूम आलाय. शोकांतिका शिकवायची, पण शेवट गोड करून. आमच्या पुस्तकातलं ते जुनं नाटक तुला आठवत असेल. राजा फर्मान काढतो, अंधार पडल्यावर वेशीशी येईल त्याला बाण मारा, आणि बाण लागतो त्याच्याच लेकीला. त्या पानावर खात्याने दुसरं पान चिकटवून दिलंय. त्यात लेक हसत घरी येते आणि सगळे जेवायला बसतात. काय बोलावं! नायकाचा प्रमाद आता कसा समजावू? चुकीला फळच नाही, तर चूक कळणार कुठून? फार उदास वाटतं रे.

वाचून झालं की नेहमीसारखं फाडून टाक.

तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल साहेबांनी बोलावलं. मी टेबल आवरूनच वर गेलो. पण निघाली बढती! सोमवारपासून वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ. आता पत्रं फोडायची नाहीत. खालून आक्षेपार्ह मजकुराला तांबड्या रेघा मारून येतील त्यांवर फक्त कारवाईचा शिक्का मारायचा. तुझ्या भावाच्या खुर्चीला आता हात आहेत, हात! आई असती तर गल्लीभर सांगत सुटली असती.

तू मात्र वर्गात जपून राहा. शाळेवाचून तुला दुसरं आहे काय?

तुझा ढब्बू

ता. १६ जून

चि. ढब्बूसाहेबांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. आता तरी नीट इस्त्रीचे कपडे घालत जा.

तुझ्या आनंदात माझाही सांगते. परवा मी ते चिकटवलेलं पान अलगद सोडवलं आणि खरा शेवट वाचून दाखवला. मागच्या बाकावरची ती वात्रट मुलगी हमसून हमसून रडली. नंतर जवळ येऊन म्हणाली, बाई, आता हलकं वाटतंय. शोकांतिका बघून मन रडून मोकळं होतं, ते विरेचन, विरेचन म्हणून इतकी वर्षं घसा कोरडा केला, ते त्या पोरीला न सांगता कळलं. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार?

तुझी ताई

ता. २० जून

ती. ताईस सा. न.

कोणत्या तोंडाने लिहू? तुझं पत्र माझ्याकडे आलं, पण वरच्या टेबलावर, तांबड्या रेघांनी भरून. माझ्या जुन्या जागी नवा माणूस बसलाय. बढतीच्या हर्षात मला एवढंही सुचलं नाही, की तुझं टपाल आता त्याच्या हाती पडेल.

मी शिक्का मारला नाही. साहेबांना सांगितलं, ही माझी सख्खी बहीण आहे, एवढी चूक पदरात घ्या. त्यांनी माझी पाठ थोपटली, चहा मागवला, तुम्हाला अवघड जाणारच म्हणाले, आणि शिक्का स्वतः मारला.

ताई, शिव्या घाल, पण पत्र लिही. कचेरीच्या पाकिटात आहे म्हणून हे तरी तुला जसंच्या तसं मिळेल.

तुझा अभागी ढब्बू

ता. २ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद.

शिव्या ओठांवर येतात रे, पण तुझं नाव लिहिलं की विरघळतात. शोकांतिकेतला माणूस दुष्ट नसतो, हे मीच घोकून घेत आले. आणि तुझ्या बढतीचं वाचून जुन्या टेबलावर कोण बसेल, हे मला तरी कुठे सुचलं?

शाळेची किल्ली परत दिली. वर्गावर नव्या बाई आल्यात. त्यांच्या तासाला राजाची लेक हसत घरी येते, आणि मुलं टाळ्या वाजवतात म्हणे.

नोकरीचं दुःख गिळीन मी. पण मागच्या बाकावरची ती मुलगी शाळेत येत नाही. तिला कुठे नेलं, कुणी सांगत नाही. तिची आई माझ्या दारावरून जाते आणि वर बघत नाही. ती रडली हे वर्गाबाहेर कुणालाच माहीत नव्हतं, ढब्बू. मीच ते लिहून पाठवलं.

हे पत्र आधी तुझ्या जुन्या टेबलावर वाचलं जाईल. त्या गृहस्थांना माझा नमस्कार. यापुढे फक्त खुशाली कळवीन. लोभ वाढवू नकोस आता, आहे तेवढा जपून ठेव.

तुझी ताई