मिस्त्रिणीचा शेवटचा निरोप

माय, ती मिस्त्रीण परत येणार होती. परवा ते सिद्ध झालं, असं लोक म्हणतात. तुला हे सांगायला हवं म्हणून सकाळची पूजा आटोपून लिहायला बसलो, पण दोन ओळी झाल्या की उठतो आहे. एकदा नळ आला का बघून आलो, एकदा उगाच तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो. तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांनी कॉम्प्युटरच्या खेळातल्या एका बाईची बातमी आईला कळवायची, हे कोणाला सांगितलं तर हसतील. पण त्या बाईची चौकशी तुझ्याइतकी कोणीच केली नव्हती.

वर्ध्याच्या बसस्टँडजवळचं ते दुकान तुला आठवत असेल. खाली झेरॉक्स, वर लाकडी जिन्यानं गेलं की कॉम्प्युटरचा क्लास. मी तिथं पोरांना टायपिंग आणि बाकीचं जुजबी शिकवायचो. बाजारातली वांगी, मेथी संपली की तू रिकामं टोपलं घेऊन वर यायचीस आणि आपल्या गावची एसटी लागेपर्यंत कूलरसमोर बसायचीस. दुपारी क्लास रिकामा असायचा आणि मी तो खेळ लावायचो. पहिल्या दिवशी तू विचारलंस, हे काय पाहून राह्यला. मी खेळ म्हटल्यावर तू माझ्या वयाचा उद्धार केलास. मग मी तुला गोष्ट सांगितली. चंद्राच्याही पार पलीकडे लोखंडाचं एक मोठं घर तरंगत आहे. काम करणारे सगळे ते सोडून गेले, एकच बाई मागे राहिली. ती एकेक खोली दुरुस्त करत पुढे जाते. आपण तिच्या मागावर असतो, पण ती दिसत नाही. प्रत्येक खोलीत तिचा आवाज तेवढा सापडतो. मागून जो कोणी येईल त्याच्यासाठी निरोप ठेवलेला: ही नळी मी जोडली आहे, त्या दाराला हात लावू नका. तू टोपलं बाजूला सरकवलंस आणि म्हणालीस, म्हणजे मिस्त्रीण हाय. त्या दिवसापासून ती आपली मिस्त्रीण झाली. जिना चढता चढताच तुझा प्रश्न यायचा, सापडली का ते? क्लासमधल्या एका पोरानं एकदा तुला समजावलं, मावशी, ते खरी नाई, नुसता आवाज हाय तिचा. तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस.

"देवाचा तं आवाजही नाई येत, बाबू. तरी मी रोज दिवा लावतो."

माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं, पाचवीपासूनचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तुला तिचे निरोप मराठीत सांगायचो. प्रत्येक निरोपाच्या शेवटी ती दोनच शब्द म्हणायची. त्यांचं मी 'लवकर येतो' असं केलं, कारण आपल्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात. तू मान डोलावलीस. चांगल्या घरची हाय, म्हणालीस. तुझ्या दृष्टीनं माणसाची सगळी परीक्षा त्यातच होती. घरातून निघताना 'जातो' म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. माझ्या तोंडून एकदा निघालं होतं. तालुक्याला परीक्षा होती आणि एसटी फाट्यावर दिसत होती. तू दंडाला धरून मला परत आत आणलंस, पाटावर बसवलंस, पाणी प्यायला लावलंस आणि 'येतो' म्हणवून मगच सोडलंस. गाडी गेली. मी दूधवाल्याच्या सायकलवर मागे बसून गेलो, कॅनच्या मधोमध पाय फाकवून, आणि रस्ताभर तुझ्यावर चिडलेला.

मग तो शेवटचा निरोप. तू माझ्या खुर्चीमागे उभी आहेस, उरलेल्या कोथिंबिरीची जुडी हातात आहे. मी सगळ्यात खालच्या खोलीशी पोचलो आहे, जिथं ते घर चालवणारं यंत्र आहे. बाकीच्या खोल्यांत मिस्त्रीण काम झालं की दिवा बंद करून जायची. इथं दिवा चालू आहे. निरोप लावला. यंत्रात काय बिघडलं आहे ते तिनं सांगितलं आणि म्हणाली, मी आत जातो. झालं. पुढे काही नाही. मी तसंच तुला सांगितलं. तू कोथिंबिरीची जुडी टोपल्यात ठेवलीस.

"मंग ते नाई येत," तू म्हणालीस.

मी वाद घातला. इंग्रजीत तसं काही नसतं, जातो म्हणजे नुसतं जातो, त्यांच्यात हे पाळत नाहीत.

"काऊन? इंग्रजीत माय नसते का?"

मी हसलो. पण डोक्यातून ते जाईना. मिस्त्रीण येणार नव्हती तर दिवा चालू का ठेवला, असंही मी विचारलं. तू म्हणालीस, मागून येणाऱ्याले दिसावं म्हणून. तेवढ्यात खालून एसटीचा हॉर्न वाजला आणि तू जिना उतरलीस.

त्या खेळाच्या वेड्यांचं इंटरनेटवर एक चर्चेचं पान होतं. तिथं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं मांडलं. आधीच्या प्रत्येक निरोपात ते दोन शब्द आहेत, शेवटच्यात नाहीत. म्हणजे आपण परत येत नाही हे तिला माहीत होतं, आणि खोटं बोलायचं नाही म्हणून ती तेवढंच बोलली नाही. दिव्याचंही तुझंच म्हणणं लिहिलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्यावर तुटून पडली. त्यांचे दोन पक्ष झाले, मिस्त्रीण मरायला गेली म्हणणारे आणि परत येणार होती म्हणणारे. दिवा दोघांनीही आपल्याच बाजूला ओढला. माझी पहिली चिठ्ठी लोक अजून काढून दाखवतात. त्यामागे वर्ध्याच्या बाजारात वांगी विकणारी बाई आहे, हे कोणाला ठाऊक नाही.

त्याच साली तुझ्या छातीत दुखायला लागलं. मामानं गल्लीच्या तोंडाशी ऑटो आणला. तुला घेऊन त्यानं पुढे जायचं आणि मी कपडे, कागद घेऊन मागोमाग निघायचं, असं ठरलं. तू ऑटोत बसलीस, पदर सावरलास आणि म्हणालीस, जातो रे. मी चमकलो. मला वाटलं चुकून गेलं. मी म्हटलं, "माय, येतो म्हण."

तू माझ्याकडे पाहिलंस. चेहरा दुखण्यानं ओढलेला होता, पण डोळ्यांत ते तुझं नेहमीचं होतं, कोणाची खोड काढताना असायचं ते.

"तुह्या मिस्त्रिणीले विचार," तू म्हणालीस, आणि मामानं ऑटोवाल्याला चल म्हटलं.

मी तासाभरात दवाखान्यात पोचलो. तोवर तुझ्या तोंडात नळी होती. त्यानंतर तू बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

सगळं आटोपून घरी आलो तर स्वयंपाकघरात ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं. तू निघायच्या सकाळी मटकी भिजत घातली होतीस. तिला बोटभर मोड आले होते आणि वास सुटला होता. मी ते पातेलं किती वेळ हातात धरून उभा होतो कोण जाणे. परत येणार नाही असं वाटणारी बाई मटकी कशाला भिजवेल? की माझ्यासाठी भिजवली होतीस? बघ, तोच दिवा झाला, दोन्ही बाजूंना ओढता येणारा. आत्याबाईंनी पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि मटकी गाईला घातली.

तेव्हापासून मी मिस्त्रिणीला विचारतोच आहे. तू सांगितलं होतंस म्हणून. तो खेळ किती वेळा पहिल्यापासून खेळलो. तिचा श्वास कुठं लागतो, कोणत्या शब्दावर आवाज खाली येतो, सगळं पाठ झालं. क्लास बंद पडला, मला शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, बोरगाव मेघेत घर झालं, तरी त्या पानावर मी जात राहिलो. लोकांना वाटायचं मी मिस्त्रिणीसाठी भांडतो. तिला माहीत होतं हे एकदा पक्कं झालं की तुझंही पक्कं होईल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. देवापुढे बसलो तरी हात जोडून हेच. आधी मागायचो की तिला कळलं नसू दे, तिला भीती वाटली नसू दे. आता वय झालं तसं उलटंच मागतो. तुला कळलं असू दे, आणि तरी तू माझी थट्टा करून गेलेली असू दे.

तर परवा काय झालं. एका माणसाला त्या खेळाच्या मूळ आवाजाच्या फायली मिळाल्या. शेवटचा निरोप खेळात घालताना टोकाशी कापला गेला होता. पूर्ण निरोपात ती दोन शब्द म्हणते, नेहमीसारखीच. त्या माणसानं फाईल पानावर टाकली आणि मी ऐकली. काही विशेष नाही ग. हातात पाना घेतलेल्या, घाईत असलेल्या बाईचा आवाज. लवकर येतो. पानावर सगळ्यांनी एकमेकांना शाबासकी दिली, माझी जुनी चिठ्ठी खोटी पडली म्हणून दोघातिघांनी हळहळही व्यक्त केली. मी काही लिहिलं नाही. कारण तू ऐकलास तो कापलेला निरोप होता. ऑटोत बसताना तुझ्या कानात तोच होता. तिला माहीत नव्हतं, हे खरं असेल. पण तू विचार म्हणालीस ती ही नव्हे. ती आपली मिस्त्रीण, दुपारच्या कूलरसमोरची, आणि तिला विचारायची सोय आता राहिली नाही.

ऑफिसची वेळ होत आली. या पत्राच्या शेवटी काय लिहायचं ते सुचत नाही. माझी तीच पंचाईत रोज दारातही होते. तू गेल्यापासून मी घरातून निघताना येतोही म्हणत नाही आणि जातोही म्हणत नाही, चपला घालतो आणि निघतो. सूनबाई तुझी वैतागते, चोरावाणी काऊन निघून जाता म्हणते. मग पदराला हात पुसत दाराशी येते, निघाले का विचारते, आणि मी हं म्हटलं की म्हणते, या मंग. 'जा' ती कधी म्हणत नाही. तिला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. ते 'या' ऐकल्याशिवाय माझा पाय पायरीवरून उतरत नाही. ती अंघोळीला गेलेली असली तर मी कालचाच पेपर उघडून दारापुढच्या ओट्यावर बसून राहतो.